वस्तरा कुणाचा?

२०१९ साली आमच्या वाईजवळच्या वाड्याची वाटणी झाली, तेव्हा थोरल्या चुलतभावाला सागवानी झोपाळा मिळाला, धाकट्याला तांब्याचा बंब मिळाला आणि मला वस्तरा मिळाला. मिळाला म्हणजे कुणी दिला नाही. माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्यात, गंजक्या किल्ल्या, चार बिब्बे आणि एका काडीचा चष्मा यांच्या सोबतीने तो पडला होता, आणि डबा भंगारवाल्याच्या पोत्यात जायच्या बेतात होता. मी तो उचलला आणि म्हणालो, "हा आजोबांचा वस्तरा!" दोघेही चुलतभाऊ एका सुरात म्हणाले, "मग तूच घे." वाटणीत एखादी वस्तू भांडल्याशिवाय मिळाली, की खुशाल समजावं, ती कुणालाच नको होती.

निवृत्त होऊन मला तेव्हा सहा महिने झाले होते. निवृत्त माणूस म्हणजे घरातली जादा खुर्ची. बसायला लागत नाही, टाकवत नाही आणि येता-जाता पायात मात्र येते. "काहीतरी करा बाई एकदा," असं सौ. रोज म्हणायची. मी जाहीर केलं, की हा वस्तरा मी पुन्हा नवा करणार, त्याला स्वतःच्या हाताने लाकडी मूठ बसवणार आणि त्यानेच दाढी करणार.

"आधी मृत्युपत्र करा," सौ. म्हणाली.

वस्तऱ्याची अवस्था काही बरी नव्हती. पात्यावर तांबड्या गंजाचे आणि त्याखाली काळ्या खड्ड्यांचे डाग होते. मूठ हस्तिदंतासारखी दिसत होती, पण हस्तिदंताला कापराचा वास येत नाही. हिला येत होता. हे सेल्युलॉइड. हस्तिदंताला पर्याय म्हणून अमेरिकेत १८७० च्या सुमारास पुढे आलेला पदार्थ. त्यात खरोखरच कापूर असतो. त्याची एक खोड अशी, की म्हातारपणी ते आतून सडायला लागतं, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि जवळच्या पोलादाला गंज चढतो. म्हणजे पातं बाहेरच्या हवेने गंजलं नव्हतं. ज्या मुठीने त्याला सांभाळायचं, तीच त्याला सत्तर-ऐंशी वर्षं गुपचूप खात होती. कुटुंबसंस्थेवर यापेक्षा चांगलं भाष्य मला निवृत्तीच्या भाषणातही सुचलं नव्हतं.

मुठीवर आजोबांची आद्याक्षरं कोरलेली होती. पात्याच्या मानेवर घासून घासून पुसट झालेलं एकच नाव वाचता येत होतं : सोलिंगेन. जर्मनीतलं हे गाव चाकू-कात्र्या-वस्तऱ्यांसाठी इतकं नावाजलेलं, की १९३८ पासून त्याचं नाव कायद्याने राखून ठेवलेलं आहे. भलत्याने आपल्या चाकूवर ते मारायचं नाही. वस्तऱ्यांचे दिवस खरं तर त्याच्या आधीच फिरायला लागले होते. जिलेटसाहेबांनी १९०३ साली आपला नवा रेझर बाजारात आणला, तेव्हा पहिल्या वर्षी खपले एक्कावन्न रेझर आणि एकशे अडुसष्ट पाती. एवढ्या खपावर आमच्याकडे दुकान बंद करून गावी जातात. त्या गृहस्थांनी मात्र साऱ्या जगाच्या दाढ्या बदलल्या.

मी कामाला लागलो. जुन्या मुठीच्या खिळ्यांची डोकी कानशीने घासून खिळे काढले. काढता काढता मुठीचे चार तुकडे झाले. तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकून मी पात्याकडे वळलो. खालच्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ ग्राइंडर घेऊन मदतीला आले. "दोन मिनिटांत चकाचक करतो," म्हणाले. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. कारण पोलादाला एकदा दिलेलं पाणी अशा गरम चाकावर उतरतं. धार पातळ असते, क्षणात तापते, निळी पडते आणि संपते. मग वस्तरा दिसायला वस्तरा राहतो, पण धार काही धरत नाही. अशी माणसंही मी कचेरीत पाहिली आहेत. ग्राइंडरवर चटकन चढलेली.

तेव्हा हातानेच घासायचं. धारेवर चिकटपट्टी लावायची, मशीनचं तेल सोडायचं आणि पॉलिश पेपर चारशे नंबरपासून दोन हजार नंबरपर्यंत चढत्या भाजणीने वापरायचा. दहा दिवस मी घासत होतो. खड्डे सगळे गेले नाहीत, पण धारेपाशी एकही नव्हता आणि तेवढंच महत्त्वाचं असतं. अंगावरचे डाग चालतात, धारेवरचा चालत नाही. घासताना मला एक मोठा दोष मात्र सापडला. वस्तऱ्याची जाड पाठ एका बाजूला, मानेकडच्या टोकाला, जास्त झिजून सपाट झाली होती. धारही तिथे किंचित आत गेली होती. "कुणा अडाण्याने पाजवलाय हा!" मी मोठ्यांदा म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला ते गिळायचं आहे.

मुठीसाठी लाकूड वाड्यातूनच आणलं होतं. आजोबांच्या आरामखुर्चीचा मोडका शिसवी हात. वस्तऱ्याची मूठ म्हणजे काय, तर लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला खिळ्यावर पातं फिरतं, दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये एक छोटी पाचर. सोपं वाटतं. पहिली जोडी भोक पाडतानाच चिरफाळली. दुसरी जोडी झकास झाली. फक्त खिळ्याचं भोक केसभर सरकलं होतं, त्यामुळे वस्तरा मिटला की धार थेट लाकडावर बसायची. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या सुताराने ती हातात घेतली, मिटली, उघडली आणि विचारलं, "साहेब, बँकेत होता ना?" मी म्हटलं, "हो." "तरीच," तो म्हणाला आणि त्याने मला दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटवून मग एकदम भोक पाडायला शिकवलं. तिसरी जोडी साधली. पितळी तारेचे खिळे, पितळी चकत्या, सागाची पाचर आणि वरून जवसाच्या तेलाचे पाच हात. मिटलेलं पातं दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध कुठेही न टेकता उभं राहिलं, तेव्हा मी सौ.ला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. तिने पाहिलं आणि म्हणाली, "आमटी उतू जाईल."

राहिली धार. वस्तऱ्याची एक गंमत अशी, की त्याला कोन धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायची. कोन वस्तऱ्याच्या अंगातच असतो. एक हजार, चार हजार, आठ हजार नंबरचे दगड झाले. मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे ठेवून परतायचं. मी पहिल्याच दिवशी सवयीने धार पुढे नेली आणि कचेरीत पस्तीस वर्षं कमरेला बांधलेल्या पट्ट्याचे दोन भाग केले. वस्तऱ्याला धार आली होती याचा पुरावा मिळाला, पण विजार एका हाताने धरून हा आनंद साजरा करावा लागला.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. घोटाळा केला तो शेजारच्या प्राध्यापकांनी. हे आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे सरळ प्रश्न त्यांना विचारता येत नाही. मी वस्तरा दाखवून म्हटलं, "आजोबांचा." त्यांनी चष्मा वर केला. "मूठ?" "नवी." "खिळे?" "नवे." "धार?" "मी लावली." "पातं?" "तेच... म्हणजे बरंचसं घासलंय." "मग यातला आजोबांचा कोणता?"

अशा माणसांना साखरेशिवाय चहा द्यावा. पण ते बसले आणि सुरू झाले. अथेन्सच्या लोकांनी थिसिअस राजाचं तीस वल्ह्यांचं गलबत जपून ठेवलं होतं. कुजली फळी की बदल, कुजली फळी की बदल. प्लुटार्कने लिहून ठेवलंय, की त्यावरून तत्त्वज्ञांत दोन तट पडले. काही म्हणत, गलबत तेच. काही म्हणत, ते नव्हेच. सतराव्या शतकात हॉब्जसाहेबांनी त्यात आणखी तेल ओतलं. म्हणाले, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचंच गलबत बांधलं, तर मग थिसिअसचं कोणतं? आपल्याकडेही मिलिंद राजाला नागसेनाने हाच पेच घातला. चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? मग रथ कुठे आहे? रथ म्हणजे या सगळ्याच्या जुळणीला दिलेलं नुसतं नाव.

सौ. दाराशी उभी होती. ती म्हणाली, "विरजणाचं काय मग? माझ्या सासूबाईंनी दिलेलं विरजण आहे घरात. चाळीस वर्षं रोज लावते. दूध रोज नवं असतं. पण दही सासूबाईंचंच आहे."

प्राध्यापक गप्प झाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकं चांगलं उदाहरण मिळालं नसावं. मग सावरून म्हणाले, "बरोबर. जगन्नाथपुरीला तेच करतात. २०१५ साली नवकलेवर झालं. कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवल्या. पण जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला, आणि तोही डोळे बांधून. म्हणजे सगळं बदललं तरी चालतं, आतलं ते एक इकडून तिकडे गेलं पाहिजे. तुमच्या वस्तऱ्यात ते काय आहे, तेवढं शोधा." एवढं बोलून ते निघून गेले. तत्त्वज्ञ घर पेटवून निघून जातात, पाणी दुसऱ्यांनी आणायचं असतं.

माझ्यापुरतं उत्तर माझ्यापाशी तयार होतं. आजोबा सुधारक होते. आमच्या कुलवृत्तान्तात तसं छापलंय : 'यांनी रूढीचा रोष पत्करून आपल्या वृद्ध मातोश्रींचे केशवपन बंद केले.' हे वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण ते मीच लिहिलेलं आहे. लहानपणापासून घरात ऐकत आलो, तेच लिहिलं. तेव्हा वस्तऱ्यातला ब्रह्मपदार्थ म्हणजे आजोबांचं ते धैर्य, असं मी मनाशी ठरवलं आणि वस्तरा मखमली कापडात गुंडाळून आत्याला दाखवायला नेला.

आत्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची. ऐकू कमी येतं, पण ज्याचं तिला ऐकायचं नसतं त्याचंच. तिने वस्तरा उघडला नाही. मिटलेलाच बराच वेळ हातात धरून बसली.

"हा आक्काचा," ती म्हणाली.

आक्का म्हणजे आजोबांची आई, माझी पणजी. मी म्हटलं, "आत्या, आजोबांचा ना?"

"अरे, दादांनी आणला पुण्याहून. सोवळं फार त्यांना. गावच्या न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा नको, आमचा आमच्या घरात वेगळा. पण वस्तरा वेगळा असला तरी हात न्हाव्याचाच ना? तो यायचा, दादांची दाढी करायचा, याच वस्तऱ्याने. आणि दर पंधरवड्याला मागल्या पडवीत आक्का बसायची. लाल आलवण, मान खाली. आम्हां मुलांना तिकडे जायची बंदी. मी जात्याच्या आडून बघायची."

आक्का विसाव्या-एकविसाव्या वर्षी विधवा झालेली. तेव्हा सत्तरीला आलेली. मी मनात हिशेब केला. बँकेची सवय जात नाही. पन्नास वर्षं, दर पंधरा दिवसांनी. आधी दुसऱ्या वस्तऱ्याने, मग या वस्तऱ्याने.

"मग आजोबांनी बंद केलं," मी म्हटलं.

आत्या हसली. "दादांनी? 'चले जाव'च्या आदल्या वर्षीची गोष्ट. तो न्हावी आला, दादांची दाढी केली. आक्का पडवीत येऊन बसली. त्याने वस्तरा पुसला, जोत्यावर ठेवला आणि म्हणाला, 'वकीलसाहेब, आक्कांच्या डोक्यावर आता हात चालत नाही.' एवढंच. दादा कडाडले. म्हणाले, 'तुझं बलुतं बंद!' तो म्हणाला, 'बरं.' धोकटी उचलली आणि गेला."

बलुतं बंद म्हणजे वर्षाचं धान्य बंद. मी प्राध्यापकांबरोबर दुपारभर गलबतं हाकली ती पोटभर जेवून, दोन उशांना टेकून. या माणसाने आपल्या घरातलं धान्य पणाला लावलं आणि म्हणाला, 'बरं.'

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन ठरवलं होतं, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. मुंबई ते आमचं गाव हे अंतर तेव्हाही दोन दिवसांचंच होतं. पण ही बातमी पोचायला पन्नास वर्षं लागली. की ती पोचलीच नव्हती, आणि या गृहस्थाला ते आपलं आपणच सुचलं? आत्यालाही ते सांगता येईना.

"मग?"

"मग काय! शेजारच्या गावच्या न्हाव्याला बोलावलं, तो येईना. दादांनी स्वतः दाढी करून पाहिली, गालावर हे एवढं कापून घेतलं. मग महिनाभर दाढी वाढवली. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, 'वकीलसाहेब, कोणता नवस?' त्या दिवशी घरी आले, धान्य मोजून घेतलं आणि गड्याच्या डोक्यावर देऊन न्हाव्याकडे पाठवलं. तो परत आला. दादांची दाढी करी, आक्काचं नाव नाही काढलं कुणी. पुढे लोक म्हणायला लागले, वकीलसाहेब सुधारक. दादांनी कधी नाही म्हटलं नाही."

"आणि आक्का?"

"पहिले पंधरा दिवस रडायची. धर्म बुडाला, म्हणायची. डोक्यावर पांढरे खुंट आले. सारखा पदर ओढून घ्यायची. एक दिवस सकाळी मला हाक मारली आणि हळूच म्हणाली, 'पोरी, खोबरेल तेलाची बुटकुली आण.'"

आत्या थांबली. मीही काही विचारलं नाही. थोड्या वेळाने मी एकच विचारलं, "त्या न्हाव्याचं नाव काय होतं?"

आत्याने पुष्कळ आठवून पाहिलं. तिला त्या वेळच्या गाईचं नाव आठवलं, गड्याचं आठवलं, न्यायाधीशांचं आडनावसुद्धा आठवलं. "त्याला सगळे 'काय रे' म्हणायचे," ती शेवटी म्हणाली.

घरी येऊन मी वस्तरा पुन्हा उजेडात धरला. सोलिंगेनच्या कारखान्याचं नाव पात्यावर होतं. आजोबांची आद्याक्षरं मुठीवर होती. ज्याने वीस-बावीस वर्षं तो रोज पाजवला आणि एका दिवशी खाली ठेवला, त्याची खूण कुठे नव्हती. आणि मग ती दिसली. मानेकडे जास्त झिजलेली पाठ. दगडावर वस्तरा फिरवताना त्याचा हात त्या टोकाला किंचित जड पडत असणार. रोज केसभर. 'कुणा अडाण्याने,' असं मी म्हणालो होतो. त्या माणसाची तेवढीच सही उरलेली होती आणि ती घासून सरळ करावी म्हणून मी दगडही भिजत घातला होता. तो तसाच पाण्यातून काढून ठेवला.

प्राध्यापकांना मी सगळं सांगितलं. ते खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वस्तरा तोच का, हा प्रश्न सोपा होता हो. कुणाचा, हा अवघड आहे." सौ. मात्र सरळ म्हणाली, "ते कुलवृत्तान्तातलं वाक्य तुम्ही लिहिलंत ना? मग तुम्हीच बदला." त्यावर मी, आजोबांची बदनामी होईल, इतकी जुनी गोष्ट, घरातली माणसं काय म्हणतील, असं बरंच बोललो. ती ऐकत राहिली आणि मग तिने माझी बिनपाण्याने केली. वस्तरा दुरुस्त करायला मला तीन महिने लागले होते. एक वाक्य दुरुस्त करायला चार लागले.

शेवटी मी कुलवृत्तान्ताच्या मंडळींना पत्र पाठवलं. पुढच्या आवृत्तीत आजोबांच्या नावापुढचं ते वाक्य काढावं आणि 'गावच्या नाभिकांनी नकार दिल्यामुळे केशवपन थांबले' असं घालावं. महिन्याभराने उत्तर आलं, मोठं सौजन्यपूर्ण. पहिलं वाक्य काढता येईल. मात्र दुसऱ्या वाक्यासाठी सदर गृहस्थांचे पूर्ण नाव कळवावे, नावाशिवाय नोंद करण्याची पद्धत नाही. मी पहिलं काढायला सांगितलं. दुसऱ्यासाठी गावी दोनदा जाऊन आलो. त्यांच्या घरातली मंडळी केव्हाच मुंबईला गेली, एवढंच कळलं. कुठे, ते कुणाला सांगता येत नाही. पत्र अजून माझ्या टेबलावर आहे, नावाची जागा मोकळी ठेवून.

शिसवी मुठीवरही मी काही कोरलेलं नाही. दर रविवारी त्या वस्तऱ्याने दाढी करतो. सुरुवातीला हनुवटीवर तीन ठिकाणी तुरटी लावून बसावं लागायचं. आता जमतं. त्याची युक्ती मला उशिरा कळली. झिजलेल्या बाजूला हात किंचित जड ठेवायचा, मग तो ऐकतो. सौ. दाराशी उभी राहून बघते आणि म्हणते, "कापू नका म्हणजे झालं." आणि मग दह्याला विरजण लावायला आत जाते.